ग्रेस हॉपर : संगणकाला कोड तयार करायला शिकवणाऱ्या बाई



आजच्या लेखात आपण ग्रेस हॉपर यांच्या जीवनाची माहिती घेणार आहोत. त्या गणिताच्या प्राध्यापिका होत्या, अमेरिकन नौदलात अधिकारी होत्या आणि संगणकाच्या भाषांचा पाया घालणाऱ्या मोजक्या लोकांपैकी एक होत्या.

त्यांचीच माहिती आत्ता का, असं तुम्ही विचाराल. हल्ली पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो. मराठीत नुसतं सांगितलं तरी एआय कोड लिहून देतं, मग मुलांनी शिकायचं काय? हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. संगणक स्वतः कोड तयार करू शकेल का, आणि केला तर त्यावर विसंबायचं कसं, हा प्रश्न हॉपर यांनी ७० वर्षांहून अधिक काळापूर्वी हाताळला होता. त्यांनी काढलेली वाट आजही कामाची आहे.

थोडक्यात परिचय

- पूर्ण नाव : ग्रेस ब्रूस्टर मरे हॉपर
- जन्म : ९ डिसेंबर १९०६, न्यूयॉर्क
- शिक्षण : वासार कॉलेज (१९२८), येल विद्यापीठातून गणितात एम. ए. (१९३०) व पीएच. डी. (१९३४)
- मुख्य कार्य : ‘ए-झिरो’ कंपायलर, ‘फ्लो-मॅटिक’ भाषा, ‘कोबोल’च्या जडणघडणीत मोठा वाटा
- मृत्यू : १ जानेवारी १९९२, व्हर्जिनिया राज्यातील आर्लिंग्टन

बालपण : सात घड्याळं

ग्रेस तीन भावंडांत सगळ्यात मोठ्या. वय सात वर्षांचं असेल. घरातलं गजराचं घड्याळ आतून कसं चालतं हे बघायचं म्हणून त्यांनी ते खोललं. सगळे भाग बाहेर आले, पण परत जोडता येईनात. मग कसं जोडलंय हे बघायला दुसरं खोललं. असं करत करत घरातली सातही घड्याळं खोलून झाली! आईने काय केलं असेल? तिने घड्याळं खोलायला बंदी घातली नाही, फक्त यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करायचे, एवढी अट घातली. पालकांनी हा प्रसंग जरूर लक्षात ठेवावा.

मुलींनाही मुलांइतकंच शिक्षण मिळालं पाहिजे, असं वडिलांचं ठाम मत होतं. वासार कॉलेजने पहिल्या वर्षी त्यांना प्रवेश नाकारला, कारण लॅटिनमध्ये गुण कमी पडले होते. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला आणि १९२८ साली गणित व भौतिकशास्त्र घेऊन त्या पदवीधर झाल्या. १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी त्यांचं लग्न झालं. १९४५ मध्ये दोघे विभक्त झाले, पण हॉपर हे आडनाव त्यांनी कायम ठेवलं.

वर्गातल्या हॉपरबाई

१९३१ पासून त्या वासारमध्ये गणित शिकवू लागल्या. आपल्याकडे असत्या तर मुलांनी त्यांना हॉपरबाईच म्हटलं असतं, तेव्हा आपणही तसंच म्हणू या.

संभाव्यता शिकवताना बाई सुरुवातीला एका सूत्राची माहिती द्यायच्या आणि मग त्या सूत्रावर निबंध लिहून आणायला सांगायच्या. निबंध तपासून, लाल शाईने रंगवून परत द्यायच्या आणि पुन्हा लिहायला लावायच्या. मुली कुरकुरायच्या की हा गणिताचा तास आहे, भाषेचा नाही. बाईंचं म्हणणं असं की जे गणित दुसऱ्याला नीट समजावून सांगता येत नाही, ते शिकून उपयोग नाही.

हा निबंध लक्षात ठेवा. पुढे बाईंनी संगणकाच्या बाबतीत जे केलं, त्याचं मूळ इथे आहे. करायचं काय हे नेमक्या शब्दांत मांडता आलं पाहिजे, मग ते माणसासाठी असो की यंत्रासाठी.

नौदल आणि ५१ फुटी यंत्र

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. बाईंनी नौदलात जायचं ठरवलं. पण वय जास्त झालेलं आणि वजन नियमापेक्षा १५ पौंडांनी कमी! नकार मिळाला. त्यांनी पिच्छा सोडला नाही. खास सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या आणि प्रशिक्षणात पहिल्या आल्या.

जुलै १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली झाली. तिथे ‘मार्क वन’ नावाचं गणनयंत्र होतं. सुमारे ५१ फूट लांब आणि ८ फूट उंच. म्हणजे आपल्या दोन वर्गखोल्या एका रांगेत धरल्या तरी भरून जातील. सेकंदाला जेमतेम तीन बेरजा करायचं. त्याला सूचना द्यायच्या त्या कागदी पट्टीवर छिद्रं पाडून. या यंत्राची माहितीपुस्तिका लिहायचं काम बाईंकडे आलं. १९४६ साली प्रसिद्ध झालेला तो ग्रंथ साडेपाचशे पानांहून मोठा आहे.

इथे एका गोष्टीचा खुलासा करायला हवा, कारण सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ती चुकीची छापली जाते. संगणकातल्या चुकीला ‘बग’ म्हणायला हॉपरबाईंनी सुरुवात केली, असं सांगतात. प्रत्यक्षात यंत्रातल्या बिघाडासाठी हा शब्द अभियंते आधीपासून, एडिसनच्या काळापासून वापरत होते. खरं एवढंच की ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या ‘मार्क टू’ यंत्राच्या एका रिलेत खराखुरा पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला. तो बाईंना स्वतःला सापडला नव्हता. पण त्या हा किस्सा इतका रंगवून सांगायच्या की तो त्यांच्याच नावावर जमा झाला.

वहीतून उतरवलेला कोड

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ.

मार्क वनवर काम करणाऱ्या मंडळींकडे वह्या असायच्या. एखादा छोटा प्रोग्राम, समजा वर्गमूळ काढण्याचा, एकदा बरोबर चालला की तो वहीत लिहून ठेवायचा. दुसऱ्या कुणाला लागला की वही मागून घ्यायची आणि उतरवून काढायचा. अशा तयार तुकड्याला सबरूटीन म्हणतात.

पद्धत चांगली, पण दोन ठिकाणी घोळ व्हायचा. पहिला घोळ उतरवण्यात. घाईत लिहिलेलं इंग्रजी ‘बी’ अक्षर पुढचा माणूस १३ वाचायचा. दुसरा घोळ बेरजेत. प्रत्येक सूचनेला यंत्राच्या स्मृतीत जागेचा क्रमांक असतो. वहीतला तुकडा शून्य क्रमांकापासून लिहिलेला असे. नव्या प्रोग्राममध्ये तो समजा ३०० व्या जागेपासून बसवायचा असेल, तर त्यातल्या प्रत्येक क्रमांकात ३०० मिळवावे लागत. एक बेरीज चुकली की सगळा प्रोग्राम वाया.

तुकडा बरोबर, माणूस हुशार, तरी कोड चुकीचा! बाईंच्या लक्षात आलं की माणसाला उतरवणं आणि बेरजा करत बसणं नीट जमत नाही. आणि ही दोन कामं बिनचूक करणारं यंत्र तर समोरच उभं आहे.

‘ए-झिरो’ : यंत्राने तयार केलेला कोड

१९४९ मध्ये बाई फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत रुजू झाल्या. तिथे ‘युनिव्हॅक’ हा संगणक तयार होत होता. याच कंपनीत बेटी होल्बर्टन यांनी १९५१ मध्ये एक कमाल केली होती. माहितीच्या फाइल्स कशा आहेत आणि कशा क्रमाने लावायच्या आहेत एवढं सांगितलं, की क्रम लावणारा प्रोग्राम संगणकच तयार करून देई. प्रोग्रामने लिहिलेला प्रोग्राम! यापासून आपल्याला प्रेरणा मिळाली, हे बाईंनी नेहमी मोकळेपणाने सांगितलं.

बाईंनी पुढचं पाऊल टाकलं. तपासून पक्के झालेले सगळे तुकडे त्यांनी चुंबकीय फितीवर साठवले आणि प्रत्येकाला एक क्रमांक दिला, आपल्या ग्रंथालयातल्या पुस्तकांना असतो तसा. आता प्रोग्राम करणाऱ्याने फक्त यादी द्यायची : आधी अमुक क्रमांकाचा तुकडा, मग तमुक, त्यात ही संख्या घाल. संगणक फितीवरून तुकडे शोधणार, जागेच्या बेरजा करणार आणि सगळं जोडून चालण्याजोगा कोड तयार करणार. हाच ‘ए-झिरो’. साल होतं १९५२.

एक अडचण मात्र राहिली. प्रोग्राममध्ये कधी कधी पुढच्या एखाद्या भागाकडे उडी मारायची सूचना असते. पण तो भाग अजून जोडलाच नाही, तर त्याची जागा कुठून कळणार? बाईंना कॉलेजातला बास्केटबॉल आठवला. तेव्हाच्या मुलींच्या नियमांत चेंडू घेऊन पळत सुटता येत नसे. चेंडू सोबतिणीकडे टाकायचा, आपण पुढे धावायचं आणि तो परत घ्यायचा. बाईंनी स्मृतीच्या शेवटी एक राखीव कोपरा ठेवला. पुढच्या भागाची उडी तात्पुरती त्या कोपऱ्याकडे वळवायची. तो भाग जोडून झाला, की कोपऱ्यात त्याचा खरा पत्ता लिहून ठेवायचा. अडचण सुटली.

मे १९५२ मध्ये पिट्सबर्गच्या परिषदेत त्यांनी यावर निबंध वाचला. निबंधाचं नाव होतं संगणकाचं शिक्षण! बाई शेवटी शिक्षिकाच.

लोकांनी काय म्हटलं? बऱ्याच जणांनी विश्वासच ठेवला नाही. संगणक आकडेमोड करतो, प्रोग्राम कसा लिहील? चालणारा कंपायलर समोर असून कुणी त्याला हात लावेना, असं बाई पुढे सांगत. त्या वाद घालत बसल्या नाहीत. १९५३ च्या अखेरीस ‘ए-टू’ ही सुधारित आवृत्ती ग्राहकांना दिली, ती आतल्या कोडसकट, आणि सुधारणा सुचवा म्हणून कळवलं. चार ठिकाणच्या लोकांनी वापरून, तपासून, दुरुस्त केलेला कोड जास्त भरवशाचा, हा त्यामागचा विचार.

माहिती वेगळी, काम वेगळं

व्यापारी कंपन्यांतल्या लोकांना गणिताची चिन्हं नको होती. बाईंनी ठरवलं की सूचना साध्या शब्दांत देता आल्या पाहिजेत. यातून ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा तयार झाली. वरिष्ठांना प्रात्यक्षिक दाखवताना त्यांनी तोच प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. संगणकाला काय, शब्द म्हणजे चिन्हंच. पण वरिष्ठ घाबरले! फिलाडेल्फियात बनलेलं अमेरिकन यंत्र परदेशी भाषा कशी काय समजणार? शेवटी फक्त इंग्रजीच वापरू असं त्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. आज आपण मराठीत सांगून कोड मिळवतो, तेव्हा हा प्रसंग आठवायला हरकत नाही.

फ्लो-मॅटिकमधली खरी मोठी गोष्ट वेगळीच होती. माहिती कशी आहे याचं वर्णन एका बाजूला आणि तिच्यावर काय काम करायचं हे दुसऱ्या बाजूला लिहायचं. हीच रचना पुढे ‘कोबोल’ने घेतली. १९५९ मध्ये सरकार, संगणक कंपन्या आणि वापरणारे यांच्या समितीने कोबोलचं काम सुरू केलं. बाई त्यात तांत्रिक सल्लागार होत्या. कोबोल त्यांनी एकटीने केलं असं म्हणणं बरोबर नाही, पण त्यावर फ्लो-मॅटिकचा ठसा स्पष्ट आहे.

डिसेंबर १९६० मध्ये परीक्षा झाली. जवळपास एकच कोबोल प्रोग्राम दोन वेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवला गेला. दोन्हीकडे चालला. तोवर सहसा एका यंत्राचा कोड दुसऱ्याला कळत नसे!

निवृत्तीनंतरची १९ वर्षं

१९६६ च्या अखेरीस बाई नौदलातून निवृत्त झाल्या. वय ६०. पण ऑगस्ट १९६७ मध्ये नौदलाने त्यांना फक्त सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. कारण प्रत्येक कंपनीने आपापलं कोबोल थोडं थोडं वेगळं करून ठेवलं होतं. नाव एकच, पण प्रोग्राम इकडचा तिकडे चालेना.

बाईंनी उपाय काढला तो कुठल्याही शिक्षकाला सुचेल असा : सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका! त्यांच्या गटाने चाचणी प्रोग्रामांचा संच तयार केला. कंपनी काहीही दावा करो, तिच्या कंपायलरने या चाचण्या बरोबर सोडवल्या पाहिजेत. पुढे ही पद्धत सरकारी पातळीवर स्वीकारली गेली.

एक अवाढव्य संगणक ठेवण्यापेक्षा छोटे संगणक एकमेकांना जोडावेत आणि कुठूनही सामाईक माहितीपर्यंत पोहोचता यावं, असा आग्रह त्या १९७० च्या दशकातच धरत होत्या.

सहा महिन्यांची ती नेमणूक १९ वर्षं चालली. १४ ऑगस्ट १९८६ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, बोस्टनमधील ‘कॉन्स्टिट्यूशन’ या ऐतिहासिक जहाजावर रिअर ॲडमिरल हॉपर निवृत्त झाल्या. नंतरही त्यांनी एका संगणक कंपनीत सल्लागार म्हणून काम केलं. १९९२ साली पहिल्या जानेवारीला त्यांचं निधन झालं. अमेरिकन नौदलाच्या एका युद्धनौकेला त्यांचं नाव आहे आणि २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘प्रेसिडेन्शिअल मेडल ऑफ फ्रीडम’ देण्यात आलं.

आज आपल्याला याचा काय उपयोग?

तुम्ही मोबाइलवरच्या ॲपमध्ये वर्गाची हजेरी भरता, तेव्हा ती नुसती मोबाइलमध्ये राहत नाही. दूरच्या डेटा सेंटरमधल्या संगणकांवर जाते. यालाच आपण क्लाउड म्हणतो. ॲप आणि क्लाउड यांच्यामध्ये जोडणीचा कोड असतो. पत्ता शोधणं, ओळख पटवणं, माहिती पाठवणं आणि पोचपावती घेणं ही त्याची कामं. हा कोड आता अनेकदा हाताने लिहीत नाहीत. माहितीचं वर्णन दिलं की साधनं तो तयार करून देतात, एआयसुद्धा देतं.

मग तो भरवशाचा आहे हे कसं ठरवायचं? बाईंच्याच तीन गोष्टी घ्या.

१. तपासलेले तुकडे वापरा. ओळख पटवण्याचा किंवा माहिती पाठवण्याचा कोड दर वेळी नव्याने रचायचा नाही. हजारो लोकांनी वापरून पक्का झालेला घ्यायचा. एआयने काहीतरी स्वतःच रचून दिलं असेल, तर आधी तिथे बोट ठेवायचं.

२. माहितीचं वर्णन आधी आणि नेमकं करा. ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे? गैरहजर विद्यार्थ्याचे गुण शून्य लिहायचे की रिकामे ठेवायचे? हे माणसाने ठरवलं नाही, तर यंत्र स्वतः गृहीत धरतं आणि निकाल चुकतो. एखाद्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर गैरहजरऐवजी शून्य उमटलं, तर ते त्याच्या घरी काय घडवेल हे तुम्हाला सांगायला नको.

३. परीक्षा घ्या, तीही अवघड. नेट मध्येच गेलं तर? पोचपावती आली नाही म्हणून ॲपने तीच फी पुन्हा पाठवली, तर ती दोनदा जमा होईल का? सगळं सुरळीत असताना चालणारा कोड म्हणजे पाठांतर करून पास झालेला विद्यार्थी. प्रश्न थोडा फिरवला की अडतो.

वर्गात करून बघा

*पट्टीचा उपक्रम :* बाई व्याख्यानांत सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे वाटायच्या. एक नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक अब्जावा भाग, एवढ्या वेळात प्रकाश जास्तीत जास्त तेवढंच अंतर कापतो. आपल्या मुलांच्या कंपासपेटीसोबतची ३० सेंमीची पट्टी नेमकी तेवढीच! मग विचारा, मुंबई-पुणे साधारण १५० किलोमीटर धरलं तर किती नॅनोसेकंद? उत्तर येईल ५ लाख. केबलमधून त्याहून जास्त लागतात. क्लाउडमधलं उत्तर यायला वेळ का लागतो हे मुलांना हातात पट्टी धरून समजेल.

*सूचनांचा उपक्रम :* एका गटाने वर्गाची हजेरी घेण्याच्या सूचना पाच-सहा वाक्यांत लिहायच्या. दुसऱ्या गटाने त्या जशाच्या तशा पाळायच्या, स्वतःची अक्कल अजिबात लावायची नाही. कुठे अडलं ते नोंदवायचं. उशिरा आलेल्या मुलाचं काय, हे कुणीच लिहिलेलं नसतं, बघा! मग सूचना सुधारून पुन्हा लिहायच्या. यासाठी संगणकही लागत नाही.

आता पालकसभेतल्या त्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला देता येईल. हॉपरबाईंनी उतरवणं आणि बेरजा यंत्राकडे सोपवल्या. काय हवं ते नेमकं सांगणं आणि जे मिळालं ते तपासणं, ही दोन कामं मात्र माणसाकडेच राहिली. ती आजही आपलीच आहेत. आणि ती शिकवायची जागा संगणक कक्षापेक्षा आधी निबंधाच्या वहीत आणि गणिताच्या ताळ्यात आहे. गणित सुटल्यावर ताळा करून बघ, असं आपण मुलांना रोज सांगतोच. आता त्यामागचं कारणही सांगू या.

लेख आवडल्यास आपल्या शाळेतील सहकाऱ्यांना आणि पालकांना जरूर पाठवा.